दोनशे तीन क्रमांकाचा प्रश्न

"बसा," मी म्हणालो.

"नको सर. उभीच बरी आहे मी."

"अहो, फॉर्म मोठा आहे. दोनशे चौदा प्रश्न आहेत."

"मग तर उभीच बरी," ती म्हणाली.

ही चौदा नंबरची खोली. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे एक लोखंडी खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून उभी असलेली मालन चौगुले, वय एक्केचाळीस. व्याख्यान द्यायला आल्यासारखी उभी होती. मी फॉर्मचं पहिलं पान तिच्याकडे फिरवलं आणि सूचना क्रमांक एकवर बोट ठेवलं. ‘रुग्णास आरामात बसवून मुलाखत घ्यावी.’ ते वाक्य माझंच होतं, त्यामुळे त्याच्याबद्दल मला जरा जिव्हाळा होता.

"हे बघा, तुमच्याच सोयीसाठी आहे."

"सर, तुम्ही विचारा ना. मी उभ्यानं सांगते, तुम्ही बसून लिहा. माझी काय हरकत नाही."

"तुमची नसेल हो. नियमाची आहे."

ती हसली. मग म्हणाली, "पुढच्या मंगळवारी येते. आज एसटीनं आलेय, दीड तास बसूनच आलेय. आज आणखी नाही बसवायचं."

मी फॉर्मच्या कोपऱ्यात तारीख घातली, ‘मुलाखत अपूर्ण’ असं लिहिलं आणि पुढच्या बाईला बोलवायला सांगितलं. आज हे लिहिताना ‘नाही बसवायचं’ हे तिचे शब्द मला लख्ख आठवतात. त्या दिवशी ते ऐकले होते की नाही, ते सांगता येत नाही.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी तेव्हा एका मेडिकल कॉलेजात संशोधन समन्वयक होतो. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाला डॉक्टरांच्या राज्यात जी पदं मिळतात, त्यातलं हे त्यातल्या त्यात भारदस्त. प्रकल्पाचं नाव ‘जुनाट ओटीपोटदुखी : एक बहुविद्याशाखीय सहकारी अभ्यास’. बायकांच्या ओटीपोटात, मांड्यांच्या मध्ये, लघवीच्या जागी सहा-सहा महिने, वर्षानुवर्षं दुखत राहतं आणि कारण सापडत नाही. स्त्रीरोगवाले म्हणतात, गर्भाशय ठणठणीत आहे, मूत्ररोगाकडे जा. मूत्ररोगवाले म्हणतात, मूत्राशय आरशासारखं आहे, मानसोपचाराकडे जा. मानसोपचारवाले पुन्हा स्त्रीरोगाकडे पाठवतात. या प्रदक्षिणा थांबाव्यात म्हणून दिल्लीहून अनुदान मंजूर झालं होतं आणि त्याची एकच अट होती. सगळ्या विभागांनी एकत्र काम करायचं.

एकत्र काम करायचं म्हणजे एकत्र बसायचं, असा अर्थ आम्ही लावला.

तिथेच पहिली अडचण आली. सभागृहात लंबगोल टेबल होतं आणि उंच पाठीची खुर्ची एकच होती. तिच्यावर कोणी बसायचं? स्त्रीरोगच्या प्रमुख डॉ. रेगे वयाने मोठ्या. मूत्ररोगचे डॉ. मगदूम पदवीने मोठे. मानसोपचारचे डॉ. सबनीस म्हणाले की मला खुर्चीचं काहीच नाही, आणि ते त्यांनी तीनदा सांगितलं. शेवटी मी पाळीपत्रक केलं. दर मंगळवारी तिघांपैकी एकजण उंच खुर्चीवर. चौथा विभाग होता फिजिओथेरपी. त्याची प्रतिनिधी तस्नीम बागवान, वय सव्वीस. तिला पाळीपत्रकात घ्यायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. ती दाराजवळच्या स्टुलावर बसायची.

दुसरी अडचण प्रश्नांची. प्रत्येक विभागाने आपले प्रश्न दिले. कोणी एकही प्रश्न गाळायला तयार होईना. मगदूम म्हणाले, "रेगेबाईंनी पाळीवर एकोणीस प्रश्न घातलेत, मग मी लघवीवर बावीस घालणार." असे होता होता दोनशे चौदा झाले. पुढे वाद निघाला की कोणाचे प्रश्न आधी. नंतरच्या प्रश्नांना रुग्ण कंटाळतो, उत्तरं कच्ची मिळतात. तेव्हा पुन्हा मी पाळीपत्रक केलं. एका रुग्णाला आधी स्त्रीरोग, दुसरीला आधी मूत्ररोग, तिसरीला आधी मानसोपचार. फिजिओथेरपीचे प्रश्न मात्र कायमचे शेवटी, एकशे नव्वद ते दोनशे चौदा. मुलाखत एका बैठकीत पुरी करायची, मध्ये उठू द्यायचं नाही. उठली की बाई व्हरांड्यात दुसऱ्या बायकांशी बोलते आणि तिची उत्तरं बिघडतात. एक बैठक म्हणजे पावणेदोन तास.

व्हरांड्यातली शिस्तसुद्धा माझीच. आधी फार गर्दी, फार आरडाओरडा व्हायचा. मी एक लांब बाक आणवला आणि सोनाबाईंना, म्हणजे दारावरच्या मावशींना, सांगून ठेवलं : जी बाकावर ती रांगेत. पहिली आत गेली की बाकीच्यांनी एकेक जागा सरकायचं. चिठ्ठ्या नकोत, भांडणं नकोत. ही पद्धत डीनसाहेबांनी येऊन पाहिली आणि बाकी विभागांनी हिचा कित्ता गिरवावा असं पत्रक काढलं.

मालन चौगुले पुढच्या मंगळवारी आली. बाकावर बसेना म्हणून तिचा नंबर दोनदा गेला. तिसऱ्यांदा सोनाबाईंनीच तिला आत ढकललं.

"ह्यांना घ्या सर आधी," सोनाबाई दारातून म्हणाल्या. "सकाळधरनं खांबाला टेकून हाईत. मला बघवंना."

"मावशी, रांग म्हणजे रांग."

"व्हय की. रांगच म्हंते मी. सगळ्यांच्या आधी आल्यात त्या."

या खेपेला मालनबाई खुर्चीवर बसल्या. बसल्या म्हणजे एका बाजूने, खुर्चीच्या कडेला, तापलेल्या तव्याच्या कडेला बसावं तशा.

"मला काय पाहिजे ते आधी सांगू का?" त्यांनी विचारलं.

"सांगा."

"एक पत्र पाहिजे. मी तालुका दूध संघात आहे. सोळा वर्षं पॅकिंगला होते. पिशव्या मोजायच्या, क्रेटात भरायच्या, सगळं उभ्यानं. आता मशीन आलं. आम्हा जुन्या बायकांना साहेबांनी ऑफिसात घेतलं. मला आवक-जावकला टेबल दिलं, खुर्ची दिली, वर पंखा दिला."

"चांगलं झालं की."

"सगळे असंच म्हणतात. मी अर्ज केला, मला खुर्ची नको, धक्क्यावर घाला. गाड्या भरतात ना दुधाच्या, तिथं एक बाई लागते मोजून घ्यायला. उभ्याचं काम. तर संघात बोंबाबोंब! पंख्याखालची खुर्ची सोडून कोणी उन्हात उभं राहायला मागतं का? मागत असेल तर त्याच्यात काहीतरी आहे. कोणी म्हणतं दूध मारायचा बेत आहे. कोणी म्हणतं कुठल्या तरी ड्रायव्हरचं आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी माझं ड्रायव्हरचं!" त्या हसल्या, आणि हसताना त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली. "नवऱ्याच्या कानावर गेलं. तो काही बोलत नाही, पण हल्ली डबा द्यायला येतो आणि धक्क्यावर उभे ड्रायव्हर मोजून जातो. आता रजा संपल्यात. अठरा तारखेला संघाची समिती बसणार आहे. डॉक्टरचं पत्र आणलं तर धक्का, नाहीतर खुर्ची. खुर्ची मला जमणार नाही. म्हणजे घरी."

"पत्र मिळेल," मी म्हणालो. "फॉर्म पुरा झाला, की चारही विभागांच्या सहीने आम्ही एक अहवाल देतो. फॉर्म पुरा झाल्याशिवाय मात्र नाही."

"म्हणून तर बसलेय," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी पाळी मूत्ररोगाची होती. मी विचारत गेलो, त्या सांगत गेल्या. चाळिसाव्या प्रश्नाला त्यांनी दुसऱ्या बाजूवर भार टाकला. साठाव्याला कपाळावर घाम आला. मी पंखा वाढवला. सत्तरच्या पुढे उत्तरं एकेका शब्दाची होऊ लागली, आणि एका शब्दाची उत्तरं लिहायला सोपी असल्यामुळे मला बरंच वाटलं. नव्वदावा प्रश्न होता : ‘आत्ता, या क्षणी किती दुखत आहे? शून्य ते दहापैकी आकडा सांगा.’

"आत आले तेव्हा तीन होतं," त्या म्हणाल्या. "आता नऊ आहे. कुठलं लिहिता?"

फॉर्मवर चौकट एकच होती. मी क्षणभर विचार केला आणि सहा लिहिलं.

यात मला काही वावगं वाटलं नाही. तीन आणि नऊची सरासरी सहा येते, कोणीही करून बघावी.

त्या उठल्या. "नाही होत सर," म्हणाल्या. टेबलाची कड धरून जरा वेळ उभ्या राहिल्या, रंग परत आला तसा पदर सारखा केला आणि बाहेर गेल्या. मी पहिल्या पानावर ‘नऊ’ असा संकेतांक लिहिला. नऊ म्हणजे ‘असहकार्य, अभ्यासातून वगळले’. हा संकेतांकही मीच पाडला होता. सुबक होता. त्याने बऱ्याच गोष्टी मिटायच्या.

अठरा तारखेच्या आदल्या दिवशी, सतराला, मंगळवार होता आणि सहामाही बैठक होती. निष्कर्ष नक्की करायचे होते. पुढच्या महिन्यात हैदराबादला परिषद होती. तिथे निबंध वाचायचा होता, आणि तो कोणी वाचायचा यावर आधीच दोन बैठका झाल्या होत्या.

उंच खुर्चीवर डॉ. रेगे होत्या. मी आकडे वाचले. नोंदणी एकशे बारा. नोंदणीच्या खिडकीवर प्रत्येकीला विचारलं होतं, गेल्या महिन्यात सरासरी किती दुखलं? त्याचं मध्यमान सहा पूर्णांक एक. तीन महिन्यांच्या उपचारानंतर चार पूर्णांक दोन.

"दोननी उतरलं!" डॉ. मगदूम म्हणाले. "जवळजवळ दोन! अहो, जगात कुठे उतरत नाही. गोळी माझी होती बरं का."

"गोळी सगळ्यांना कुठे दिली होती?" रेगेबाई म्हणाल्या. "संप्रेरकं मी दिली."

"मला श्रेयाचं काहीच नाही," डॉ. सबनीस म्हणाले. "पण या बायकांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी पावणेदोन तास प्रश्न विचारले. ऐकून घेणं हाच उपचार असतो."

कॅन्टीनमधून शिरा मागवला होता. तो आला. वाटीभर स्टुलावरही पोचला. वाटी हातात धरून तस्नीम म्हणाली, "सर, एक विचारू? तीन महिन्यांनी किती जणी होत्या?"

"सहासष्ट," मी म्हणालो.

"मग बाकीच्या सेहेचाळीस?"

"असहकार्य."

"म्हणजे काय करतात त्या?"

"तस्नीम, बाळ," रेगेबाई म्हणाल्या, "खेड्यातल्या बायका आहेत. येतात, जातात. पेरणी निघते, लग्नं निघतात."

"आणि सर, माझा तो प्रश्न? दोनशे तीन?"

हा प्रश्न तिच्या फार आवडीचा होता. ‘बसल्यावर दुखणे वाढते का?’ तिचं म्हणणं असं की ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते आणि तिच्याजवळून एक नस जाते. झोळी आवळली, नस चिमटली, तर माणसाला बसवत नाही. उभं राहिलं की बरं वाटतं. गर्भाशय, मूत्राशय सगळं निर्दोष निघतं आणि बाई खोटारडी ठरते. तिच्या मते आमच्या निदान एक तृतीयांश बायकांचं हेच असणार. हे तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, तेव्हा चहा आला होता.

मी पान उलटलं. "प्रश्न दोनशे तीन. उत्तरं सहासष्ट. ‘नाही’ पासष्ट. ‘हो’ एक."

"एक कोण?" मगदूमांनी विचारलं.

"ती ट्यूबवाली."

सगळे हसले. एक बाई मुलाखतीला येताना स्कूटरची ट्यूब फुगवून घेऊन आली होती आणि दोनशे चौदा प्रश्न तिच्यावर बसून होती. मी तिच्या फॉर्मवर शेरा मारला होता, ‘रुग्ण विक्षिप्त’.

"सहासष्टात एक, आणि तीही ट्यूबवाली," मगदूम म्हणाले. "अगं, पुस्तकात असतं ते आपल्याकडे नसतं. हा तुझा मुद्दा आता सोडून दे आणि शिरा खा."

तस्नीमने शिरा खाल्ला नाही. मला रेगेबाईंनी चहाचं बघायला पाठवलं.

व्हरांड्यात बाकावर नेहमीप्रमाणे बायका बसल्या होत्या. मध्ये एक जागा मोकळी होती. मोकळ्या जागेसमोर, खिडकीच्या कट्ट्यावर एक पाय वर ठेवून, मालन चौगुले उभी होती.

"नंबर पायजे तर बसा की वाईच," सोनाबाई तिला सांगत होत्या. "मी तरी काय करू? सायबांचा नियम हाय."

मला बघून मालनबाई पुढे आल्या. "सर, उद्या समिती आहे."

"तुमची फाइल बंद झाली," मी म्हणालो. "फॉर्म अपूर्ण राहिला ना."

"मला मोठा अहवाल नको. एवढंच लिहून द्या, हिला बसवत नाही. चारच शब्द आहेत."

"तीन," मी म्हणालो. सवय. "बाई, मनाने काही लिहून देता येत नाही. फॉर्ममध्ये तसा प्रश्न असता, तुम्ही त्याला उत्तर दिलं असतं, तर त्या आधारे..."

आणि मी थांबलो. फॉर्ममध्ये तसा प्रश्न होता. आत्ताच मी तो मोठ्याने वाचून आलो होतो. ही बाई नव्वदाव्या प्रश्नाला उठली होती. दोनशे तीनपर्यंत जायला तिला आणखी पाऊण तासाहून जास्त बसायला हवं होतं.

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात एक धडा असतो. तळ्यात मोठे मासे नाहीत असं म्हणण्यापूर्वी जाळं बघावं. त्या धड्यावर मला अठरा गुण होते, वीसपैकी.

मी चहा विसरलो. कपाटातून त्या सेहेचाळीस जणींची यादी काढली आणि सोनाबाईंना बाजूला घेतलं.

"मावशी, मी नावं वाचतो. आठवतील तेवढ्या सांगा. ही बाई बाकावर बसायची का?"

"कशाला वो?"

"सांगा तर."

"वाचा."

"हौसाबाई बिरनाळे."

"उभी. त्या खांबाला."

"रुक्साना जमादार."

"उभी. येरझाऱ्या घालायची, पाक जिन्यापातूर."

"कलावती माळी."

"ती बसायची. तिचं लेकरू आजारी पडलं म्हणून आली न्हाई."

"पार्वती खोत."

"उभी. आवो, बाकाच्या कडंला गुडघं टेकायची, देवापुढं टेकावं तशी. मला वाटलं नवस हाय."

सेहेचाळीसपैकी सोनाबाईंना एकोणचाळीस आठवल्या. त्यातल्या एकतीस उभ्या.

"मावशी, हे कधी बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? आन सायेब, तुमी मला विचारलं काय, तर बाकावर किती हाईत. उभ्या किती, ते कुठं विचारलं?"

मी तिथेच जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून दोन बेरजा केल्या. ज्या सहासष्ट जणी टिकल्या, त्यांचं सुरुवातीचं मध्यमान होतं चार पूर्णांक पाच. ज्या गेल्या त्यांचं आठ पूर्णांक चार. म्हणजे टिकलेल्यांचं दुखणं साडेचारावरून चार पूर्णांक दोनवर आलं होतं. गोळी, संप्रेरकं आणि ऐकून घेणं, सगळं मिळून दशांश तीन. बाकीची उतरण गेलेल्या बायकांनी सोबत नेली होती.

आत गेलो तेव्हा हैदराबादचं चाललं होतं.

"चहा?" सबनीसांनी विचारलं.

"चहा राहिला. मॅडम, आपल्या आकड्यात चूक आहे. माझीच आहे." मी कागद वाचून दाखवला. शेवटी म्हणालो, "दुखणं उतरलेलं नाही. ज्यांचं जास्त दुखत होतं, त्या निघून गेल्या."

"पण का गेल्या?" रेगेबाईंनी विचारलं.

"बसवेना म्हणून. बाकावर बसल्याशिवाय नंबर नव्हता. खुर्चीवर पावणेदोन तास बसल्याशिवाय फॉर्म नव्हता. आणि बसवतं का, हे आपण दोनशे तिसरं विचारत होतो."

वाटीत चमचा वाजला, तो माझ्या मते मगदूमांचा.

"ती ट्यूबवाली," तस्नीम हळूच म्हणाली. "ती एकटी शेवटपर्यंत पोचली. ट्यूब होती म्हणून."

"यात प्रतिकाराचा एक भाग असू शकतो," डॉ. सबनीस म्हणाले, "म्हणजे रुग्णाच्या मनात..."

"सबनीस," रेगेबाई म्हणाल्या, "तुम्ही जरा शिरा खा." मग माझ्याकडे वळल्या. "यातली कोणी आहे का बाहेर?"

मालनबाईंना आत आणलं. चार डॉक्टर बघून त्या दारातच थबकल्या. रेगेबाई उठल्या, बाजूची खुर्ची ओढली आणि मनापासून म्हणाल्या, "या, बसा बाई."

मगदूमही म्हणाले, "बसा ना." सबनीसांनी तर हाताने खुर्ची झटकली. खोटं कशाला सांगू, मीही म्हणणार होतो.

मालनबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. तस्नीम स्टुलावरून उठली होती. ती त्यांच्याजवळ गेली.

"ताई, मी एकच विचारते. बसल्यावर दुखणं वाढतं का?"

"दीड वर्ष झालं, हेच सांगायला फिरतेय," मालनबाई म्हणाल्या. "जिथं जाईन तिथं आधी म्हणतात बसा, मग म्हणतात काय होतंय?"

तस्नीमने त्यांना शेजारच्या खोलीत नेऊन तपासलं. वीस मिनिटांनी ती बोलवायला आली तेव्हा रेगेबाईही तिच्याबरोबर आत गेल्या, आणि परत आल्यावर त्यांनी तस्नीमला ‘बाळ’ म्हणायचं सोडलं. मगदूम म्हणाले की तीन तपासण्या केल्याशिवाय मी सही करत नाही. रेगेबाई म्हणाल्या, त्या तिन्ही तुम्ही गेल्या मार्चमध्ये केल्यात, फाइलमध्ये आहेत, निर्दोष. मग सह्यांच्या क्रमावरून जरा झालं. वर्णानुक्रमे करू, असं मी सुचवलं. वर्णानुक्रमात बागवान पहिली आली. हे लक्षात येईपर्यंत तिने सही केली होती. मगदूमांनी केली, रेगेबाईंनी केली. सबनीसांनी ‘सहमत, मानसिक पैलूंच्या अधीन’ असं लिहून केली.

पत्राचा मजकूर मी उभ्यानेच लिहिला. त्यात भावनेचा भाग नव्हता. माझ्या खुर्चीवर शिऱ्याचं पातेलं होतं.

हैदराबादला निबंध गेला नाही. दिल्लीला आम्ही खरे आकडे कळवले, तिकडून दुसऱ्या वर्षाचं अनुदान आलं नाही, आणि पत्रात लिहिलं होतं की अपेक्षित निष्पत्ती दिसून येत नाही. त्या सेहेचाळीस जणींना आम्ही पत्रं टाकली. एकोणीस आल्या. त्यांच्या मुलाखती मी व्हरांड्यात चालता चालता घेतल्या, फॉर्म पुठ्ठ्यावर लावून. दोनशे तीन नंबरचा प्रश्न पहिला. एकोणिसातल्या सतरा ‘हो’ म्हणाल्या. रुक्साना जमादारच्या वेळी माझे तीन जिने झाले. बाक मी काढून टाकला, तर दुसऱ्या दिवशी गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यांनी डीनसाहेबांकडे तक्रार केली. मग तो परत आणला आणि सोनाबाईंनी भिंतीवर कोळशाने आकडे घातले. उभं राहा नाहीतर बसा, नंबर तो नंबर. या पद्धतीचं पत्रक कोणी काढलं नाही.

मालनबाई मात्र दर पंधरा दिवसांनी तस्नीमकडे यायच्या. व्यायाम होते, झोळी सैल सोडायला शिकायचं होतं. दोनेक महिन्यांनी एका मंगळवारी त्या माझ्या खोलीत डोकावल्या. हातात दूध संघाच्या पेढ्यांचा पुडा होता.

"मिळाला का धक्का?" मी विचारलं.

"मिळाला की. अध्यक्षसाहेबांनी पत्र सगळ्यांसमोर वाचलं. म्हणाले, चार-चार डॉक्टरांचं एकमत झालंय म्हणजे बाईला खरंच काहीतरी असणार. एकाची सही असती तर मी विश्वास ठेवला नसता."

बहुविद्याशाखीय सहकार्याचा हा एवढा एक ठोस लाभ आमच्या प्रकल्पाच्या नावावर आहे.

"नवरा?"

"येतो अजून डबा घेऊन. आता ड्रायव्हर मोजत नाही. क्रेट मोजायला मदत करतो, चुकतो तो भाग वेगळा." पेढे टेबलावर ठेवून त्या खुर्चीच्या पाठीला टेकल्या. "सर, माझा तो फॉर्म आहे का? की टाकला?"

होता. मी काढला.

"त्याच्यात तुम्ही सहा लिहिलंय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"समोरच लिहिलं ना तुम्ही. उलटं असलं तरी आकडा कळतो. सोळा वर्षं क्रेटावरचे आकडे उलटेच वाचलेत मी." त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. "सहा मला कधीच नव्हतं. बसायच्या आधी तीन होतं, बसल्यावर नऊ होतं. सहा कुणाचं आहे हे?"

मी सहा खोडलं. चौकटीत दोन आकडे मावत नव्हते, म्हणून समासात लिहिलं : ‘उभी असता तीन. बसविल्यावर नऊ.’ त्यांनी वाचून घेतलं, मान डोलावली आणि गेल्या.

संगणकावर आकडे चढवणाऱ्या मुलीने तो फॉर्म त्याच आठवड्यात मला परत पाठवला. वर चिठ्ठी होती : ‘पोतनीस सर, एका चौकटीला एकच आकडा घेतो. कृपया नक्की करून पाठवणे.’

तो मी नक्की केला नाही. फॉर्म अजून माझ्याकडे आहे, चिठ्ठीसकट.